काळी खिडकी बदलायची, की आतला शेल?

विंडोज ११ मध्ये डिफॉल्ट टर्मिनल बदलण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. टर्मिनल म्हणजे नुसती खिडकी: अक्षरं, रंग, टॅब. तुमच्या आज्ञा समजून घेणारा असतो तो शेल, म्हणजे पॉवरशेल किंवा कमांड प्रॉम्प्ट. दोन्ही वेगवेगळे आणि दोघांच्या सेटिंगही वेगळ्या.

विंडोज टर्मिनल उघडा, कंट्रोल आणि स्वल्पविराम एकदम दाबा. सेटिंग्जमधल्या ‘स्टार्टअप’ पानावर दोन्ही सापडतील. ‘डिफॉल्ट टर्मिनल अॅप्लिकेशन’ खिडकी ठरवतं. तिथे विंडोज टर्मिनल निवडलं की एखादी बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली .bat फाइल) डबल-क्लिक केली तरी ती टर्मिनलमध्येच उघडते. ‘डिफॉल्ट प्रोफाइल’ मात्र नवा टॅब कोणत्या शेलने सुरू व्हावा एवढंच सांगतं. पॉवरशेल नको असेल तर बदल इथे करा, ‘डिफॉल्ट टर्मिनल अॅप्लिकेशन’ला हात लावू नका. शेवटी ‘सेव्ह’ दाबायला विसरू नका; न दाबता बाहेर पडलात तर काहीच बदलत नाही.

आधीच उघड्या असलेल्या खिडक्या तशाच राहतात. त्या बंद करून पुन्हा उघडा.

ऑक्टोबर २०२२ पासून विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीत विंडोज टर्मिनल हेच डिफॉल्ट आहे. एखादा जुना प्रोग्राम त्यात नीट दिसत नसेल, तर ‘डिफॉल्ट टर्मिनल अॅप्लिकेशन’च्या यादीतून ‘विंडोज कन्सोल होस्ट’ निवडा, जुनी खिडकी परत येते.