रिमवर्ल्डमधली वसाहत हलवावी की नाही, हे कसे ठरवावे

रिमवर्ल्ड या वसाहत उभारण्याच्या संगणकीय खेळात एखादी वसाहत खेळातली दोन-तीन वर्षे तग धरून राहिली की जागा बदलण्याचा विचार बहुतेकांच्या मनात एकदा तरी येतोच. ऐन हिवाळ्यात कोठार रिकामे होते, डोंगर पोखरून केलेल्या खोल्यांत हल्ला करणारे मोठाले किडे निघतात, आणि जगाच्या नकाशावरची दुसरी एखादी हिरवी टाइल, म्हणजे वसाहतीसाठी निवडायचा जमिनीचा तुकडा, खुणावू लागते. मुंबईत नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून आठवड्याला जेमतेम काही तास खेळणाऱ्याने हा निर्णय घाईने घेऊ नये, कारण एकदा स्थलांतर सुरू केले की पुढच्या कित्येक बैठका सामान बांधण्यात, वाट तुडवण्यात आणि पुन्हा भिंती उभारण्यातच जातात. दोष जागेचा असेल तरच हलावे, असे मला वाटते. दोष मांडणीचा किंवा नियोजनाचा असेल, तर तो नव्या जागीही आपल्या पाठोपाठ येतो.

पहिली पायरी: तक्रार कशाबद्दल आहे ते वेगळे करा

खेळ थांबवून कागदावर तक्रारी लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे ती काळाची, मांडणीची की जागेची, हे नोंदवा. विषारी धुरळा, ज्वालामुखीचा हिवाळा, थंडीची लाट या काळाच्या तक्रारी आहेत; त्या यथावकाश सरतात, म्हणून त्यांच्यापायी घर सोडू नये. स्वयंपाकघर शीतगृहापासून लांब पडणे किंवा हल्लेखोर थेट झोपायच्या खोल्यांपर्यंत पोहोचणे हा मांडणीचा दोष आहे. पोलाद संपल्याची तक्रारही बऱ्याचदा खरी नसते, कारण पृष्ठभागावरच्या शिरा संपल्या तरी जमिनीखालचा साठा स्कॅनरने शोधून डीप ड्रिलने काढता येतो. जागेचे म्हणावेत असे दोष थोडेच असतात: पिकाचा हंगाम फार आखूड असणे, नकाशावर नैसर्गिक आडोसा नसणे, व्यापाराला जवळपास कोणतीही वस्ती नसणे.

दुसरी पायरी: हंगामाचे गणित मांडा

जगाच्या नकाशावर आपली टाइल निवडली की तिच्या माहितीत पिकाचा हंगाम दिवसांत दिलेला असतो. या खेळातले वर्ष ६० दिवसांचे असल्यामुळे ‘६० पैकी २०’ याचा अर्थ वर्षाच्या एक-तृतीयांश काळातच शेती होईल. एक माणूस दिवसाला साधारण दोनदा जेवतो आणि एका साध्या जेवणाला १० नग कच्चा शिधा लागतो, म्हणजे माणशी वर्षाला १,२०० नग धरून चालावे. साध्या जमिनीत तांदूळ सुमारे साडेपाच दिवसांत तयार होतो आणि रोपाला ६ नग देतो. मका २२ नग देतो, पण त्याला जवळजवळ २१ दिवस लागतात.

हा हिशेब न मांडल्याने काय होते, ते मुलुंडला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या वसाहतीत मी जवळून पाहिले. त्याची टाइल बोरियल, म्हणजे थंड प्रदेशातल्या, जंगलातली, हंगाम बरोबर २० दिवसांचा, आणि शेतात सगळा मका. रोपावर क्लिक केले की वाढ नव्वद टक्क्यांपुढे गेलेली दिसायची, आणि कापणीच्या तोंडावर पारा उतरून अख्खे शेत मरायचे. दर वर्षी हेच झाल्यामुळे त्याने जागेलाच दोष देऊन कॅरॅव्हान, म्हणजे सामानासह प्रवासाला निघणारा तांडा, बांधायला घेतली होती. वास्तविक त्याच २० दिवसांत तांदळाची तीन पिके निघतात, म्हणजे रोपामागे १८ नग, आणि माणशी सुमारे ६७ रोपे लावली की वर्षाचा शिधा जमतो. त्याने पीक बदलले, शीतगृह वाढवले आणि तो तिथेच राहिला. हंगाम ५ किंवा १० दिवसांवर आला, आणि हायड्रोपोनिक्सला, म्हणजे मातीविना विजेवर केलेल्या शेतीला, पुरेल इतकी वीजही नसली, तर मात्र हलण्याचा विचार जरूर करावा.

तिसरी पायरी: त्याच नकाशावर सरकता येते का ते पाहा

हा मधला मार्ग अनेकांच्या ध्यानातच येत नाही. किडे डोंगराच्या जाड छताखालीच निघतात. त्यामुळे त्यांचा जाच असेल, तर खोल्या डोंगराबाहेर मोकळ्यावर काढल्या तरी पुरते. नेहमीचा नकाशा २५० बाय २५० चौकोनांचा असतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला काळी कसदार जमीन किंवा वाफेचे झरे असतील, तर तिथे हळूहळू नवे घर बांधता येते. त्यात ना वजनाची मर्यादा येते, ना वाटेतल्या हल्ल्याची भीती.

चौथी पायरी: संपत्ती आणि संरक्षण यांचा ताळा करा

माझ्या मते निर्णयाचा खरा कस इथेच लागतो. हल्ला किती मोठा यावा हे ठरवताना खेळ वसाहतीची संपत्ती आणि माणसे मोजतो. तुमच्या भिंती किती भक्कम आहेत, हे तो पाहत नाही. या हिशेबात वस्तूंची किंमत पूर्ण धरली जाते आणि बांधकामाची निम्मी. याचा परिणाम असा की, स्थलांतर करताना हल्ल्याला आमंत्रण देणारी संपत्ती बरोबर येते, पण हल्ला परतवणाऱ्या भिंती, सापळे आणि अरुंद वाटा मागे राहतात. चांदी, पुतळे आणि उंची शस्त्रे घेऊन दहा माणसे उघड्या माळरानावर उतरली, तर पहिलाच हल्ला त्यांच्या ऐपतीप्रमाणे येईल, आणि त्या वेळी त्यांच्याकडे कदाचित चार लाकडी भिंतीही नसतील.

म्हणून हिस्टरी या टॅबमधला संपत्तीचा आलेख आधी उघडून पाहा. जे नव्या जागी पहिल्या १५ दिवसांत उपयोगी पडणार नाही, ते विका. खेळात कोणती संकटे कधी यावीत हे निवडलेला ‘कथाकार’ ठरवतो. कॅसांड्रा ही कथाकार निवडली असेल, तर तिचे हल्ले बऱ्याच अंशी लयीत येतात. त्यामुळे मोठा हल्ला परतवून जखमी बरे होताच निघणे सोयीचे पडते. रँडी या दुसऱ्या कथाकाराच्या बाबतीत असा कोणताही आडाखा बांधता येत नाही.

पाचवी पायरी: वजन तोला

धडधाकट माणूस कॅरॅव्हानमध्ये ३५ किलो वाहतो. हत्तीसारखा मोठा प्राणी १४० किलो वाहतो. पोलादाच्या एका नगाचे वजन अर्धा किलो असते. त्यामुळे १,००० पोलाद म्हणजे ५०० किलो, आणि ते न्यायला चार हत्ती किंवा पंधरा माणसे लागतात, तीही दुसरे काही न उचलता. चांदी याउलट अगदी हलकी आहे. शक्य असेल तर पोलाद विकून चांदी न्यावी आणि नव्या जागेजवळच्या वस्तीत पोलाद पुन्हा विकत घ्यावे. खाटा आणि पुष्कळशी कामाची टेबले सुटी करून नेता येतात. भिंती नेता येत नाहीत, आणि त्या उतरवल्या तर त्यांत घातलेल्या सामानापैकी निम्मेच हाती लागते. सामान उडवून नेणारे ट्रान्सपोर्ट पॉड असतील, तर प्रत्येकात १५० किलो जाते, पण त्यांना केमफ्युएल हे इंधन भरपूर लागते. शिधा प्रवासापुरता घेऊन भागत नाही. पोहोचल्यावर पहिला तांदूळ हाती येईपर्यंतचे दिवसही त्यात धरावेत.

हे सारे मांडल्यावर जे मागे ठेवावे लागणार, त्याची यादी न्यायच्या सामानापेक्षा जड वाटली, तर थांबावे. ओडिसी हा जुलै २०२५ मध्ये आलेला विस्तार ज्यांच्याकडे आहे, त्यांना ग्रॅव्हशिप या उडत्या यानावरच घर बांधून उडता येते. त्यांच्यापुढे हा प्रश्न इतका बिकट नसतो.

सहावी पायरी: नवी टाइल निवडा

वर्षभराचा हंगाम, लहान किंवा मोठ्या टेकड्या, रस्ता, आणि दोन-तीन दिवसांच्या वाटेवर मैत्रीची वस्ती, इतके मिळाले तरी पुष्कळ झाले. दूरच्या अंतराळयानापर्यंत प्रवास करून खेळ संपवायचा बेत असेल, तर त्याच दिशेची टाइल घ्यावी.

सातवी पायरी: टप्प्याटप्प्याने हला

पुनर्विकासाला निघालेल्या लालबाग-परळच्या चाळीतले भाडेकरू ट्रान्झिट कॅम्पची सोय झाल्याखेरीज खोलीची किल्ली देत नाहीत. इथेही तोच शहाणपणा ठेवावा. खेळाच्या ऑप्शन्समध्ये वसाहतींची कमाल संख्या एकावरून पाचपर्यंत वाढवता येते. ती दोन करा आणि वसंताच्या पहिल्या दिवसांत, म्हणजे उत्तर गोलार्धात एप्रिमे या खेळातल्या पहिल्या महिन्याच्या आरंभी, तीन-चार जणांची तुकडी पुढे पाठवा. तिच्यात एक चांगला बांधकाम करणारा, एक शेतकरी आणि एक नेमबाज हवाच. त्यांनी आधी छप्पर, मग तांदूळ आणि मग एकच दार असलेली भिंत, या क्रमाने काम करावे. दोन नकाशे एकदम चालवल्याने लॅपटॉपवर ताण येतो, आणि मुंबईच्या मे महिन्यात तो पंख्याखालीही तापतो, म्हणून हा टप्पा फार लांबवू नये.

जुनी वसाहत सोडण्याचे बटण सर्वांत शेवटी दाबावे, कारण ते दाबल्यावर तो नकाशा आणि त्यावर राहिलेले सारे कायमचे जाते. त्याआधी पाळीव प्राणी, कैदी आणि औषधांची कपाटे एकेक करून तपासा, नव्या जागी पहिला तांदूळ कोठारात पडल्याची खात्री करा, आणि कमिटमेंट मोडमध्ये, म्हणजे एकच सेव्ह ठेवू देणाऱ्या प्रकारात, खेळत नसाल तर वेगळ्या नावाने एक सेव्ह करून ठेवा.