सभा ऐकायची कशी? मिक्सरवर बसणाऱ्याकडून

पहिलं म्हणजे जेवून जावा. पाचची सभा साडेसातला सुरू होते, आणि उपाशी माणूस लवकर पेटतो. कोल्हापुरात गांधी मैदान, दसरा चौक, बिंदू चौक, सगळीकडं सव्वीस वर्षं माईक लावतोय. पक्ष कुठलाही असू दे, आवाजाच्या मिक्सरवर हात माझाच.

स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहू नका. बेस छातीत घुमतो आणि आपल्याला वाटतं, काळीज भरून आलं. लांब, भेळेच्या गाडीजवळ थांबा. शेवटच्या दहा मिनिटांत "एको वाढव" अशी चिठ्ठी मला येते. आवाज घुमायला लागला की समजा, आता आई, माती नाहीतर गद्दार निघणार.

"होय का न्हाई?" याला तर फारच जपा. पहिल्यांदा विचारतात, पाणी पाहिजे का न्हाई? मग, उसाला दर पाहिजे का न्हाई? दोनदा "होय" म्हटलं की तोंडाला सवय लागते. तिसऱ्यांदा विचारतात, मग त्यांना गाडायचं का न्हाई? त्या वेळी तोंड मिटून बघा, किती जड जातं ते.

मीही फसलोय. 2019 च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 च्या वर गेलं. माझं निम्मं सामान बुडालं. दोन महिन्यांनी विधानसभेचा प्रचार. एक उमेदवार स्टेजवर रडला, मी मिक्सरवर रडलो, आणि मत दिलं. नंतर रेकॉर्डिंग लावलं तर पूर पुन्हा येऊ नये म्हणून काय करणार, यावर एक वाक्य नव्हतं.

तवापासून सांगतोय, भाषण मोबाईलवर घ्या आणि सकाळी चहा पिताना बारीक आवाजात ऐका. कागदावर दोन रकाने पाडा. एकात राग कुणावर काढला ते. दुसऱ्यात किती पैसे, कधीपर्यंत, कुठल्या खात्यातून. दुसरा बहुतेक कोराच राहतो.

आमच्याकडं सुरुवात शाहू महाराजांच्या नावानंच होते. मग मापही त्यांचंच लावा. 26 जुलै 1902 च्या हुकुमात मागासलेल्यांना नोकऱ्यांत किती जागा, तर 50 टक्के, आणि कधीपासून, तेही लिहिलेलं. हुंदका कुठंच नाही.

उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साईटवर असतं. मालमत्ता, गुन्हे, शिक्षण, सगळं दहा मिनिटांत वाचून होतं. धर्माच्या, जातीच्या नावानं मत मागणं 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण धरलंय. असलं कानावर पडलं की आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपमधूनच व्हिडिओ काढा आणि लगेच पाठवा.

आणि राव, घोषणा देताना खुर्चीवर चढू नका. मंडपवाला माझा मेहुणा आहे, मोडक्या खुर्च्यांचे पैसे त्याच्याच बिलातून कापतात.