कीबोर्ड सगळ्यात शेवटी: मिडी कंट्रोलर घेण्याआधीची तयारी

मिडी कीबोर्ड, म्हणजेच मिडी कंट्रोलर, विकत आणणं हे या तयारीतलं शेवटचं काम. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले 'कुठला घेऊ' म्हणून विचारणारे बहुतेक जण नेमके उलट्या टोकानं सुरू करतात. मॉडेल ऑनलाइन बघून ठेवलेलं असतं, पंचवीस पट्ट्यांचा घेऊ की एकसष्टचा एवढंच ठरायचं राहिलेलं असतं, आणि त्यावर वाजवणार काय, याचा पत्ता नसतो. मग खोकं घरी येतं आणि घरातलं कोणीतरी विचारतं, "ह्याला स्पीकर कुठाय की?" नसतो. आवाजही नसतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरानं दाबली आणि कधी सोडली, एवढा निरोप तो यूएसबीच्या वायरीतून लॅपटॉपला देतो. पियानो, व्हायोलिन, पेटी, जे काय वाजायचं ते लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये वाजतं. या निरोपाची ठरलेली भाषा म्हणजे मिडी. १९८३ साली तिचं मानक ठरलं तेव्हापासून हा निरोप फारसा बदललेला नाही. पट्टीचा जोर आजही बहुतेक ठिकाणी १ ते १२७ याच आकड्यांत मोजतात.

म्हणून आधी आवाज. लॅपटॉपवर रीपर हे संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर घाला, साठ दिवस पूर्ण चालतं. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहेच. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सिंथ, म्हणजे आवाज घडवणारी सॉफ्टवेअर, स्पिटफायरचं लॅब्स, डिसेंट सॅम्पलर ही फुकटातली चांगली भांडवलं. मोठ्या सॅम्पल लायब्ररीज, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित सुरांचे संग्रह, अनेक जीबींच्या असतात, तेव्हा डाउनलोड जिथं फायबर आहे अशा ठिकाणी बसून उरका आणि एसएसडीवर जागा मोकळी ठेवा. कीबोर्ड नसतानाही लॅपटॉपच्या टाइप करायच्या बटणांवर सूर वाजवता येतात, रीपरमध्ये त्याची सोय आहे. त्यावर जोर कळत नाही, सप्तकंही मोजकीच मिळतात, पण आपण सारखे कुठल्या आवाजाकडं वळतो ते चार दिवसांत कळतं. कीबोर्ड त्या आवाजासाठी घ्यायचा आहे.

याच काळात दुसरी गोष्ट तपासून घ्या: दाबलं आणि वाजलं यांतलं अंतर. पुष्कळ जण नवा कीबोर्ड आणल्यावर "उशिरा वाजतोय" म्हणून परत करायला निघतात, आणि दोष त्याचा नसतोच. जुन्या गोल पाच पिनांच्या मिडी वायरीतसुद्धा एका सुराचा निरोप सुमारे एक मिलिसेकंदात पोचतो. वेळ खातो तो लॅपटॉपचा बफर, म्हणजे बाहेर सोडण्याआधी आवाजाचा जेवढा तुकडा तो साठवून घेतो तेवढा. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, आणि १०२४ वर गेलात की २३, शिवाय साउंड कार्डाचा स्वतःचा वेळ वेगळा. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद ही तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखी गोष्ट, चालून जाते. तेवीसच्या पुढं द्रुत लय हातातून सुटायला लागते. विंडोजवर हा उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर हवा. साउंड कार्डाचा स्वतःचा नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल घालून बघा. ब्लूटूथ हेडफोन लावून तर वाजवूच नका, तिथला उशीर बफर कमी करून जात नाही. वायरचा हेडफोन घ्या. पैसे मोजकेच असतील तर मी आधी साधं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीनं जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड, घ्या म्हणेन, कीबोर्ड पुढच्या महिन्यात.

आणखी एक, म्हणजे माळ्यावर बघा. मुलांसाठी घेतलेला यामाहा किंवा कॅसिओ धूळ खात पडलेला असतो. त्याच्या मागं 'यूएसबी टू होस्ट' असं लिहिलेलं चौकोनी भोक असेल, तर तो आजच्या आज तुमचा मिडी कीबोर्ड आहे. प्रिंटरला लागते तीच वायर लागते. दोन आवाज एकदम यायला लागले तर त्याच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' बंद करा. फक्त गोल पाच पिनांचं भोक असेल तर यूएसबी-मिडी वायर मिळते. स्वस्तातल्या कीबोर्डांच्या पट्ट्यांना कधी जोर कळत नाही, हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. ते चालवून बघितल्याशिवाय समजत नाही. शिकण्यापुरतं हे पुरतं, आणि पुढं काय कमी पडतंय तेही यातूनच नेमकं कळतं.

आता पट्ट्यांची संख्या. तबल्याचे, ढोलताशाचे ठेके बसवायचे असतील, गणपतीच्या देखाव्याला पार्श्वसंगीत करायचं असेल तर पंचवीस छोट्या पट्ट्या आणि बोटांनी ठोकायचे पॅड असलेला अकाई एमपीके मिनी किंवा आर्टुरिया मिनीलॅबच्या जातीचा घ्या, लॅपटॉपच्या पिशवीत जातो. पियानो शिकायचा असेल तर अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, हॅमर अ‍ॅक्शनचा, म्हणजे पियानोसारख्या जड पट्ट्यांचा, दुसरा विचार करू नका. तो पंधरा किलोच्या आसपास जाऊ शकतो, एसटीच्या टपावर टाकून आणायची वस्तू नव्हे. व्हायोलिन-चेलोच्या लायब्ररीत खालच्या पट्ट्या सुरांच्या नसतात. त्या दाबल्या की वादनाची तऱ्हा बदलते, गजानं ओढलेलं की बोटानं छेडलेलं. तिथं एकसष्टच्या खाली अडचण होते, सप्तक बदलायचं ऑक्टेव्हचं बटण सारखं दाबत बसावं लागतं.

पण आपल्या भागात विचारणाऱ्यांत पेटीवाले सगळ्यांत जास्त. नामवंत पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांचं बेळगाव हे गाव, गल्लीगल्लीत भजनी मंडळ, तेव्हा नवल नाही. त्यांच्यासाठी दुकानातला नेहमीचा सल्ला निम्मा चुकतो.

पेटी तीन ते साडेतीन सप्तकांची, म्हणजे एकोणपन्नास पट्ट्यांत ती पूर्ण बसते आणि वर थोडं उरतं. छोट्या पट्ट्यांचा मात्र घेऊ नये. पियानोच्या मापाच्या पट्टीत सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचं येतं. घरच्या पेटीवर फूटपट्टी लावून 'सा' पासून वरच्या 'सा' पर्यंत मापून ठेवा आणि त्याच्या जवळचं माप निवडा. वर्षानुवर्षांची तान बोटांत त्या अंतरावर बसलेली असते.

मोठा फरक डाव्या हातात आहे. पेटीची पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, आवाज भात्यावर ठरतो. मिडी कीबोर्ड उलटा: त्याला भाता नाही आणि प्रत्येक पट्टीला जोर कळतो. पेटीवाला सवयीनं हलकी बोटं फिरवतो आणि सॉफ्टवेअरमधून मधूनच दबके, मधूनच ठणठणीत सूर निघतात. मग तो कीबोर्डला नावं ठेवतो. उपाय असा, की पेटीच्या आवाजासाठी पट्ट्यांचा जोर 'फिक्स्ड' करून शंभरच्या आसपास ठेवायचा आणि भात्याचं काम डाव्या हाताच्या मॉड्युलेशन चाकाला द्यायचं. ते चाक सहसा मिडीचा कंट्रोल क्रमांक १ पाठवतं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला ११ क्रमांकाच्या एक्स्प्रेशनवर जोडलं, की चाक पुढं ढकलल्यावर आवाज भरतो, मागं घेतल्यावर ओसरतो. म्हणून खरेदीच्या वेळी पेटीवाल्यानं पहिल्यांदा बघायचं ते हे चाक. ते पट्ट्यांच्या डाव्या बाजूला, हात सहज ठेवता येईल असं हवं, फिरवून सोडलं की तिथंच थांबणारं हवं. काही छोट्या कीबोर्डांवर चाकांऐवजी एकच काडी असते, बोट काढलं की ती मधोमध परत येते. काहींवर स्पर्शाची पट्टी असते. त्यांवर भाता जमत नाही.

तज्ज्ञ लोक इथं पायानं आवाज भरणारं-ओसरवणारं एक्स्प्रेशन पेडल सुचवतात. खुर्चीवर बसणाऱ्यांना ते उत्तम, पण भजनात मांडी घालून बसलेल्या माणसानं ते दाबायचं कशानं? बैठक खालची असेल तर पेडलवर पैसे घालू नका. त्याऐवजी कीबोर्ड ठेवायला योग्य उंचीचा चौरंग आणि बाजूला लॅपटॉपसाठी एक पाट, एवढं बघा. खुर्ची-टेबल असेल तर सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलचं भोक आहे का आणि एक्स्प्रेशनचं वेगळं आहे का, हे मागच्या बाजूला वाकून बघून घ्या. स्वस्त मॉडेलात बहुधा सस्टेनचं एकच असतं. पेडल उलटं चालायला लागलं, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबायला लागले, तर कीबोर्ड बंद करून, पेडलवर पाय न ठेवता परत सुरू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, हा दुसरा मुद्दा. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागं पेटीवर मींड निघत नाही हा एक मोठा आक्षेप होता. मिडी कीबोर्डवर सूर वर-खाली सरकवणारं पिच चाक आहे, मींड निघते. बासरीचा किंवा सारंगीचा आवाज लावला असेल तर हे चाक हाताखाली असणं पट्ट्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चाकाची पोच दोन अर्धस्वरांची, म्हणजे एका पूर्ण स्वराची, ठेवलेली असते. 'सा' वरून 'म' पर्यंत ओढायचं तर ती पाचवर न्या. ही पोच कीबोर्डमध्ये नव्हे, वाद्याच्या सेटिंगमध्ये बदलायची. मात्र चाक फिरलं की त्या चॅनलवरचे सगळे सूर एकदम सरकतात, म्हणून तानपुरा नेहमी वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. प्रत्येक बोटाला वेगळी मींड देणारे एमपीई जातीचे कीबोर्डही मिळतात. मला ते आवडतात, पण पहिली खरेदी म्हणून कुणालाच सुचवणार नाही.

गाणाऱ्यांच्या पट्ट्या बदलत राहतात, बुवांची काळी एक तर ताईंची काळी चार. पेटीवाल्याला हवं असलेलं, सगळे सूर एकदम वर-खाली नेणारं ट्रान्सपोज जवळजवळ प्रत्येक कीबोर्डवर मिळतं, पण सॉफ्टवेअरमध्ये करणं बरं. कीबोर्डवर केलं की ते वादनतऱ्हा बदलणारे खालचे स्विचही तितकेच सरकतात आणि ऐन अंतऱ्यात भलतंच वाजतं. श्रुतींच्या बाबतीत चोखंदळ असाल तर सर्ज एक्सटीमध्ये स्वतःची स्वरजुळणी फाइलमधून घालता येते. हे लाकडी पेटीला सूर लावणाऱ्याकडं न जाता होतं, यातच अर्धी खरेदी वसूल.

वीज आणि पाऊस यांचाही हिशेब करा. कीबोर्ड यूएसबीवर चालणारा घ्या. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तो, यूएसबीचं इंटरफेस आणि हेडफोन, सगळं चालू राहतं. अ‍ॅडॉप्टर लागणारा घेतलात तर अंधारात बसाल. खानापूरकडं जूनपासून भिंती घाम गाळतात. पट्टीखाली रबराचे दोन-दोन संपर्क असतात, पहिला आणि दुसरा यांच्यात किती वेळ गेला त्यावरून जोर मोजला जातो. ओल किंवा धूळ तिथं शिरली, की एखादीच पट्टी मुकी होते किंवा एकदम पूर्ण जोरात किंचाळते. कापडी झाकण, सिलिका जेलच्या चार पुड्या, आणि कीबोर्ड खिडकीखाली नको.

मोबाइलवर वाजवायचा बेत असेल तर आधी जोडून बघा. अँड्रॉइडमध्ये मिडीची सोय ६.० पासून आहे, पण उशीर फोनाफोनानुसार बदलतो. आयपॅड याबाबतीत कितीतरी भरवशाचा. फोन पुरेसा करंट देत नसेल तर मध्ये वीज जोडलेला यूएसबी हब लागतो.

हे सगळं झालं की दुकान. कोल्हापूरला, हुबळीला किंवा पुण्याला जाणं होणार असेल तर ऑनलाइन ऑर्डर तोवर थांबवा आणि आपला लॅपटॉप सोबत न्या, त्यावर आपलाच आवाज लावून ठेवा. दुकानदाराला सांगून यूएसबी जोडा. ड्रायव्हर न घालता ओळखला गेला तर उत्तम. प्रत्येक पट्टी हळू, मध्यम, जोरात दाबा आणि पडद्यावर जोराचे आकडे बघा. हळू दाबताना पंधरा-वीस आणि जोरात एकशेवीसच्या वर यायला हवेत, शेजारच्या पट्ट्यांत फार तफावत नको. काळ्या पट्ट्या मागच्या टोकाला दाबून बघा, तिथं स्वस्त कीबोर्ड हट्ट करतात. पिच चाक सोडल्यावर सूर जागेवर येतो का ऐका. पॅड आणि दिवे शेवटी बघा, आधी बघितलेत तर डोळे दिपतात आणि बोटांचं ऐकू येत नाही.

पैशांतला एक चतुर्थांश भाग स्टँड, पेडल किंवा चौरंग आणि जाड वायरीसाठी बाजूला ठेवा. खोक्याबरोबर एबलटन लाइव्ह लाइट किंवा अ‍ॅनालॉग लॅबसारखी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांचा क्रमांक त्याच दिवशी आपल्या नावावर नोंदवा. ऑर्केस्ट्रावाल्यांकडून जुना घेत असाल तर तो क्रमांक आधीच कुणीतरी वापरलेला असतो. लायसन्स तुमच्या नावावर करून देणार असेल तरच त्याचे पैसे धरा. जुन्या कीबोर्डात यूएसबीचं भोक हलतं का ते वायर हलक्या हातानं डोलवून बघा. दर वेळी जोडणी तुटत असेल तर पट्ट्या कितीही चांगल्या असोत, सोडून द्या. नवा असेल तर बिल जपा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत रोज वाजवा, कारण मुकी पट्टी पहिल्या दिवशीच सापडेल असं नाही.