दरोड्यात साथ दिल्याचं सिद्ध झालं. आता शिक्षेच्या सुनावणीची तयारी

सोलापूरच्या सत्र न्यायालयात मी आरोपीच्या बाजूनं उभी राहते. घरचे एकच धरून बसतात, "मॅडम, पोरगा नुसता रिक्षात बसला होता!" पाच किंवा जास्त जण असले की तो दरोडा, आणि तिथं हजर राहून मदत करणाराही त्या पाचात मोजला जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 310 नुसार शिक्षा जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, शिवाय दंड. जन्मठेपेची तरतूद असल्यानं चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटका मागू नका, ती मिळत नाही.

दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल न्यायाधीश वेगळं ऐकून घेतात. शिक्षा कमी मागायचा हाच मोका. त्या दिवशी रडून भागत नाही, कागद लागतात. कुंभारीच्या एका विडी कामगार मावशींनी लेकाचा शाळेचा दाखला, नवऱ्याच्या डायलिसिसच्या पावत्या आणि स्वतःचं विडीचं कार्ड पिशवीतून काढून एकेक माझ्या हातात दिलं. तंबाखूनं पिवळी झालेली ती बोटं अजून डोळ्यांपुढे आहेत.

हत्यार कुणाच्या हातात होतं, हे साक्षीतून दाखवा. किमान 7 वर्षांची सक्ती घातक हत्यार वापरणाऱ्याला, किंवा गंभीर दुखापत वा तसा किंवा जीव घेण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाच लागते. कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधी तुरुंगात काढलेले, दिवस मोजून लिहून द्या, ते शिक्षेतून वजा होतात.

निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते. अपील 60 दिवसांत, आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये (फिरत्या खंडपीठात).