पैगंबरांचं चरित्र वाचायचंय? पहिलं पुस्तक निवडताना या चुका टाळा

मुहम्मद पैगंबरांचं चरित्र वाचायचं ठरवलं आणि मी पहिलं पुस्तक घेतलं ते सगळ्यांत जाडजूड. विचार साधा होता. इब्न इसहाक हा आठव्या शतकातला चरित्रकार. इतकं जुनं साधन भाषांतरात मिळत असताना नंतरच्यांनी सांगितलेलं कशाला वाचायचं? पहिल्याच पानावर वंशावळ सुरू झाली. मुहम्मद हे अब्दुल्लाहचे पुत्र, अब्दुल्लाह अब्दुल मुत्तलिबचे, ते हाशिमचे, आणि असं करत करत ती थेट आदमपर्यंत गेली. मग येमेनचे राजे आले, त्यांच्या लढाया आल्या, त्यांच्यावरच्या कविता आल्या. पैगंबरांच्या जन्मापर्यंत पोहोचायच्या आधीच मी पुस्तक मिटलं आणि ते तसंच बरेच महिने पडून राहिलं.

पुस्तकात काहीच खोट नव्हती. माझी वेळ चुकली होती. ज्यांना वंश, टोळ्या आणि त्यांची आपसातली नाती तोंडपाठ होती अशा श्रोत्यांसाठी ते रचलेलं होतं, आणि मला कुरैश, म्हणजे पैगंबरांची मक्केतली टोळी, हेही धड माहीत नव्हतं. जुनं आणि अस्सल आहे म्हणून ते पहिलं वाचावं, ही या विषयातली सगळ्यांत सहज होणारी चूक आहे. विशेष म्हणजे मन लावून अभ्यास करणारी माणसंच ती करतात.

'मूळ ग्रंथ' म्हणून आपण जो हातात घेतो, तोही तसा मूळ नसतो. पैगंबरांचं निधन ६३२ साली झालं. इब्न इसहाक ७६७च्या सुमारास वारला, म्हणजे मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. त्याचा ग्रंथ जसाच्या तसा उरलेलाच नाही. आज आपल्याला मिळतो तो मुख्यतः इब्न हिशामने संपादित केलेला पाठ, आणि हा इब्न हिशाम नवव्या शतकातला. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय की, ज्यात पैगंबरांचा संबंध नाही ते मी वगळलं, जाणकारांना ठाऊक नसलेल्या कविता वगळल्या, आणि काही गोष्टी बोलायला अनुचित किंवा लोकांना दुखावणाऱ्या होत्या म्हणून त्याही गाळल्या. हे एवढं स्वच्छ सांगणारा संपादक मला फार मोलाचा वाटतो. इब्न इसहाकही अनेक ठिकाणी 'असं म्हणतात' म्हणून थांबतो, किंवा दोन वेगळ्या हकिकती देऊन 'खरं काय ते अल्लाहच जाणे' असं लिहितो. पहिलं पुस्तक पारखायची खूण मला इथेच सापडली. जुना चरित्रकार जिथे सावधपणे बोलला होता, तिथे आजचा लेखक ठामपणे बोलून मोकळा होतो का? होत असेल, तर ते पुस्तक दुसरं किंवा तिसरं म्हणून घ्या, पहिलं नको.

कुराण किंवा हदीस म्हणजे चरित्र नव्हे

चरित्र समजून थेट कुराणाचं भाषांतर वाचायला घेणारे पुष्कळ आहेत, आणि 'यात गोष्ट कुठंय?' म्हणून गोंधळणारेही तेवढेच. कुराणात मुहम्मद हे नाव अवघं चार वेळा येतं. सूरा, म्हणजे कुराणाची प्रकरणं, घटनांच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. ढोबळमानाने मोठ्या सूरा आधी आणि लहान नंतर, अशी मांडणी आहे. मक्केत सुरुवातीला अवतरलेल्या बऱ्याचशा छोट्या सूरा त्यामुळे शेवटाकडे सापडतात. आठव्या सूरेत बद्रच्या लढाईचे संदर्भ आहेत, तिसरीत उहुदचे, तेहतिसावीत खंदकाच्या वेढ्याचे. पण ते उल्लेख आहेत, वर्णनं नाहीत. ज्यांच्यासमोर हे सगळं घडलं होतं त्यांना खुलासा लागत नव्हता. आपल्याला लागतो, आणि तो चरित्रातून मिळतो. चांगलं प्राथमिक चरित्र जागोजागी सांगतं की ही आयत, म्हणजे कुराणातलं हे वचन, या प्रसंगाशी जोडली जाते. असे संदर्भ असलेलं पुस्तक निवडलंत, तर पुढे कुराण वाचतानाही तेच हाताशी येईल.

हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी. त्यांच्या संग्रहांचंही तसंच. बुखारी आणि मुस्लिम हे नवव्या शतकातले दोन मोठे संग्राहक. त्यांचे ग्रंथ नमाज, रोजा, व्यापार, विवाह अशा विषयांनुसार लावलेले आहेत. त्यात एखादा प्रसंग फार जिवंत भेटतो, पण त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय, ते कळत नाही.

उत्तर हातात, प्रश्न मात्र माहीत नाही

या चुकीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मला ती उशिरा कळली. आधुनिक काळातली पुष्कळ चरित्रं कुणाला तरी उत्तर म्हणून लिहिलेली आहेत. १८५८ ते १८६१ या काळात विल्यम म्यूर या ब्रिटिश अधिकाऱ्याचं चार खंडांचं इंग्रजी चरित्र निघालं. त्याने अरबी साधनं वापरली होती, पण सूर कठोर होता आणि ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या बाजूचा होता. ते वाचून सर सय्यद अहमद खान इतके अस्वस्थ झाले की लंडनमध्ये राहून त्यांनी साधनं धुंडाळली आणि १८७० साली प्रत्युत्तरादाखल निबंध छापले. पुढे शिबली नोमानींनी उर्दूत भलं मोठं चरित्र हाती घेतलं, त्यामागेही पाश्चात्त्य लेखकांचे आक्षेप होतेच. १९१४ साली शिबली गेले आणि ते काम त्यांचे शिष्य सुलैमान नदवी यांनी पुढे नेलं.

हे माहीत नसताना अशी पुस्तकं वाचली की काही प्रकरणं विचित्र वाटतात. साधी हकिकत चालू असते आणि मध्येच लेखक वीस पानं एका लढाईचं किंवा एका विवाहाचं समर्थन करत बसतो. वाचकाला वाटतं, याला एवढं काय झालं? त्याला झालेलं असतं ते दुसऱ्या पुस्तकात, जे आपण वाचलेलंच नसतं. उलट बाजूनेही हेच. टीकेच्या सुरात लिहिलेलं चरित्र आधी वाचलं, तर माणूस दिसायच्या आधी आरोपपत्र दिसतं.

म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी प्रस्तावना वाचा, आणि लेखक कुणाशी बोलतोय ते पाहा. श्रद्धावान वाचकाशी बोलतोय, शंका घेणाऱ्याशी, विद्यार्थ्याशी, की एखाद्या विरोधकाशी? श्रद्धेने लिहिलेलं पुस्तक कमी प्रतीचं असतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. सफीउर्रहमान मुबारकपुरी यांचं 'अर्-रहीकुल मख्तूम' हे श्रद्धावंताचं लेखन आहे. मक्केच्या 'राबिता' या संस्थेने घेतलेल्या स्पर्धेत त्याला पहिलं पारितोषिक मिळालं होतं. तारखा, मोहिमा, कोण कुठे होतं याची शिस्तशीर नोंद हवी असेल, तर ते उपयोगी पडतं. मार्टिन लिंग्ज यांचं १९८३ सालचं इंग्रजी चरित्र जुन्या साधनांतली हकिकत एखाद्या कथेसारखी सलग सांगतं. वाद, शंका, तुलना त्यात जवळजवळ नाहीत. कॅरन आर्मस्ट्राँग बाहेरच्या वाचकाचा हात धरून सातव्या शतकातला अरबस्तान समजावतात. माँटगोमेरी वॉट मक्केचा व्यापार आणि टोळ्यांची घडी यांतून घटनांचा अर्थ लावतात. मक्का आणि मदिना यांवरच्या त्यांच्या दोन जाड ग्रंथांचं आटोपशीर रूप १९६१ साली निघालं. या चौघांत 'सर्वोत्तम कोण' हे विचारू नका, तुम्हाला आत्ता काय हवंय ते विचारा. अगदी कोऱ्या पाटीच्या वाचकाला मी लिंग्ज किंवा आर्मस्ट्राँग सुचवते, कारण एकदा माणसं आणि घटनांची ओढ लागली की बाकीचं आपोआप वाचलं जातं.

पंथाचाही विचार ठेवा. पैगंबरांची जन्मतिथी सुन्नी परंपरेत बहुतेक ठिकाणी रबीउल अव्वलची १२ तारीख मानतात, शिया परंपरेत १७. मक्का-मदिनेच्या वाटेवरच्या गदीर खुम इथे पैगंबर आपले चुलतभाऊ आणि जावई हजरत अलींबद्दल जे बोलले ते दोन्ही परंपरांना ठाऊक आहे, पण शिया त्यात वारसाची घोषणा पाहतात आणि सुन्नी आपुलकीचा गौरव. तुमच्या पुस्तकात गदीरला किती जागा आहे हे पाहिलंत की लेखक कुठे उभा आहे ते कळतं.

एक प्रसंग उघडून पाहा

मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरून काही ठरत नाही. मी सूचीत हुदैबिया शोधते आणि ती पानं उभ्या उभ्या वाचते.

६२८ साल. पैगंबर सुमारे चौदाशे सोबत्यांसह काबाच्या यात्रेला निघालेत, मक्केच्या कुरैशांनी वाट अडवलीय, आणि हुदैबियाला तह लिहिला जातोय. लिहायला अली आहेत. 'अल्लाहचे प्रेषित मुहम्मद' असे शब्द येताच कुरैशांचा वकील सुहैल बिन अम्र हरकत घेतो: तुम्ही प्रेषित आहात असं मानलं असतं तर तुमच्याशी लढलो कशाला असतो? तुमचं आणि वडिलांचं नाव लिहा. पैगंबर ते शब्द खोडायला लावतात आणि 'अब्दुल्लाहचे पुत्र मुहम्मद' असं लिहिलं जातं. तेवढ्यात बेड्या ओढत अबू जंदल येतो. तो सुहैलचाच मुलगा, मुसलमान झालेला. तहाप्रमाणे त्याला परत करावं लागतं. पैगंबरांचे निकटचे सोबती हजरत उमर कळवळून विचारतात, आपण सत्याच्या बाजूचे नाही का? तह झाल्यावर पैगंबर सोबत्यांना कुर्बानी करून मुंडण करायला सांगतात, आणि कुणी जागचं हलत नाही. ते तंबूत जातात, पत्नी उम्मे सलमा यांना हे सांगतात. त्या म्हणतात, कुणाशी एक शब्दही न बोलता बाहेर जा आणि आधी स्वतःची कुर्बानी करा. ते तसंच करतात, आणि मग सगळे उठतात.

आता तुमच्या हातातलं पुस्तक याचं काय करतं ते पाहा. 'दहा वर्षांचा तह झाला' एवढ्यावर आटपतं? अबू जंदल आहे का? उमर यांची घालमेल आहे का? उम्मे सलमा आहेत का? कुराणाने या तहाला उघड विजय म्हटलं आणि दोन वर्षांच्या आत मक्का हाती आली, एवढंच सांगणारं पुस्तक निकाल सांगतं. त्या दिवशी हा विजय आहे हे कुणालाच दिसत नव्हतं, ते सांगणारं पुस्तक मला पहिल्या वाचनासाठी हवं असतं.

जमलं तर आणखी एक पान उघडा, खंदकानंतरच्या बनू कुरैझा या मदिनेतल्या ज्यू टोळीचं. तिथे पुरुषांना ठार केल्याचं जुनी साधनं सांगतात, आकडे वेगवेगळे देतात, आणि त्यावर आजही वाद आहे. प्रामाणिक पुस्तक ते लपवतही नाही आणि त्या एका पानावरून सगळं आयुष्य मोजतही नाही.

अनुक्रमणिकेवरही नजर टाका. ६१० साली हिरा गुहेत पहिला ईश्वरी संदेश आला, ६२२ साली हिजरत, म्हणजे मक्केहून मदिनेला स्थलांतर, झाली. मक्केतली ही बारा-तेरा वर्षं आणि मदिनेतली दहा. तरी पुष्कळ पुस्तकांत मक्का चौथाईत उरकते आणि पुढे बद्र, उहुद, खंदक अशी मोहिमांची रांग लागते. याचं कारण जुनं आहे: चरित्राच्या सुरुवातीच्या लेखनाला 'मगाझी', म्हणजे मोहिमा, असंच म्हणत. पण कुरैशांनी पैगंबरांच्या कुळावर घातलेल्या बहिष्काराची वर्षं, पत्नी खदिजा आणि चुलते अबू तालिब यांचे एकाच वर्षी झालेले मृत्यू, ताइफमधली दगडफेक, हे सगळं घाईत गेलं तर मदिनेतला माणूस समजत नाही.

वाचताना अडकलात तर

बहुतेक जण नावांत अडकतात. माझी एक मैत्रीण अर्धं पुस्तक झाल्यावर वैतागून म्हणाली होती, 'ही झैनब नक्की कोण गं?' प्रश्न बरोबर होता. पैगंबरांच्या एका मुलीचं नाव झैनब, आणि दोन पत्नींचंही: झैनब बिंते खुझैमा आणि झैनब बिंते जहश. झैदही दोन, बिन हारिसा आणि बिन साबित. शिवाय अबू जहल हे नाव नसून विरोधकाला मिळालेली उपाधी आहे. त्याचं नाव अम्र बिन हिशाम. अबू लहबचं नाव अब्दुल उझ्झा. याथ्रिब आणि मदिना एकच. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: पुस्तकात वंशवृक्ष आणि नामसूची असलेलीच आवृत्ती घ्या. नसेल तर आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने स्वतःची यादी करा, 'बिन' आणि 'बिंते'सकट. वडिलांचं नाव गाळलं की गोंधळ झालाच. मराठीत मुहम्मद, महंमद, मोहंमद अशी लेखनंही बदलतात, त्यामुळे दुसरं पुस्तक घेतलंत की यादीत तेही रूप लिहून ठेवा. नावापुढचं (स.) हे 'सल्लल्लाहु अलैहि वसल्लम' या दुआचं संक्षिप्त रूप आहे.

तारखा जुळत नसतील तर लगेच पुस्तकाला दोष देऊ नका. हिजरी वर्ष चांद्र आहे, साधारण ३५४ दिवसांचं. म्हणून परंपरेने सांगितलेलं त्रेसष्ट वर्षांचं आयुष्य सौर गणनेत एकसष्टच्या आसपास येतं. ही कालगणनाही पैगंबरांच्या हयातीत नव्हती, ती पुढे हजरत उमर खलिफा असताना ठरली. हिजरीपूर्व तारखा सगळेच अंदाजे देतात.

भाषांतर असेल तर मूळ पुस्तकाचं नाव, भाषा आणि साल आत छापलंय का ते पाहा. अरबीवरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून मराठी असा प्रवास झाला असेल, तर नावांची रूपं हमखास बिघडलेली असतात. 'संक्षिप्त' असा शब्द बारीक अक्षरात असतो, तोही शोधा. मुलांसाठी किंवा कुणाला भेट म्हणून घेत असाल, तर पैगंबरांचं चित्र असलेलं पुस्तक टाळा. बहुतेक मुस्लिम घरांत ते रुचत नाही. नकाशे, घरांची रचना, उंटांचे तांडे दाखवणारी सचित्र पुस्तकं मिळतात.

पहिलं पुस्तक संपलं की दुसरं घेताना मुद्दाम वेगळ्या जागी उभा असलेला लेखक निवडा, आणि पहिल्या पानापासून सुरू करण्याआधी त्यातलं हुदैबिया काढून पहिल्याशेजारी ठेवा. मी तसं केलं तेव्हा एका पुस्तकात उम्मे सलमांना अर्धं पान मिळालं होतं, आणि दुसऱ्यात त्या नव्हत्याच. त्यानंतर मी वर्षभर पडून असलेला तो जाड इब्न हिशाम पुन्हा काढला, वंशावळीची पानं सरळ उलटली आणि तहाच्या जागी उघडला.