दोन गाइड, दोन मतं
पीएचडीचे गाइड म्हणतात प्रबंधातलं तिसरं प्रकरण काढून टाका, सहमार्गदर्शक म्हणतात तेच वाढवा. अशा वेळी दोघांकडे आळीपाळीने हेलपाटे घालू नका, त्यात महिने जातात आणि जीवही मेटाकुटीला येतो. दोघांना एकच मेल करा: ‘सरांच्या मते हे, मॅडमच्या मते ते, मी असं करतेय, हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.’ तरीही अडलं, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतंच. मुद्दा तिथे मांडा, म्हणजे निर्णयाचं ओझं एकट्या तुमच्यावर राहत नाही. आणि जुनी आवृत्ती तारखेसकट जपून ठेवा. माझं कापायला लावलेलं प्रकरण चार महिन्यांनी परत मागितलं गेलं होतं.