लाओसच्या गुहांत चौघांची मोहीम

आपल्या सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा. पाण्याने विरघळून लांबच लांब गुहा होतात त्या चुनखडीत. म्हणून रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून कडा उतरण्यात, हात बसल्यावर आम्ही चौघे आधी मेघालयातल्या गुहांत शिकलो आणि मग लाओसच्या खम्मुआन प्रांतात गेलो. पहिल्या परदेशी मोहिमेला मी हीच जागा सुचवेन. बँकॉकहून थायलंडच्या सीमेवरचं नाखोन फानोम, तिथून मेकाँग नदीवरचा पूल ओलांडला की लाओसमधलं थाखेक. मुक्काम तिथेच ठेवा.

चौघांपेक्षा कमी जाऊच नका. एकाला लागलं तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि मदत आणायला दोघे जातात. अंधारात एकट्याने कुणी चालायचं नाही.

जा जानेवारी-फेब्रुवारीत. मे ते ऑक्टोबर पाऊस. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 23 जून 2018 ला 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक शिरले, मागून पाणी चढलं. सगळे बाहेर यायला 10 जुलै उजाडला. तिथलं पाणी उपसायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. तोंडाशी ऊन असलं तरी वर डोंगरात पडलेला पाऊस गुहेत उतरतोच.

परवानगीसाठी प्रांताच्या कार्यालयाला काही महिने आधी लिहा. गावात पोचलात की पहिली भेट नायबानची, म्हणजे गावप्रमुखाची. वाटाड्या गावातलाच घ्या. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने टाकलेले, न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत. गुहेचं तोंड दिसलं म्हणून मळलेली वाट सोडून झाडीत घुसू नका. विम्यात गुहा उतरणं धरलंय का, ते तिकीट काढण्याआधी वाचा. दिवे माणशी तीन. वटवाघळांच्या सुक्या विष्ठेची धूळ फुप्फुसात जाऊन आजार होतो, तेव्हा तिथे मास्क लावाच.

खरं काम मोजणीचं, म्हणजे गुहेचा नकाशा करण्याचं. डिस्टो-एक्स हे लेसरचं यंत्र अंतर, दिशा आणि चढ-उतार एकदम देतं. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंतचा प्रत्येक टप्पा तीनदा मोजा, आकडे जुळले तरच पुढे सरका. आमचा एक वळसा फिरून मूळ खुणेवर आला, पण संध्याकाळी संगणकावर त्याची दोन टोकं जुळेनात. टोपीवरचा दिवा यंत्राच्या फार जवळ यायचा आणि त्यातला होकायंत्राचा भाग बहकायचा. चौदा टप्पे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. तेव्हापासून आकडा घेताना दिवा काढून हात लांब धरतो. चित्र मात्र आतच काढा, जलरोधक कागदावर पेन्सिलने. बाहेर आल्यावर आठवून काढलेली भिंत चुकते.

आत जाण्याआधी गावात एका माणसाला सांगून जा: सहाला बाहेर येऊ, नऊपर्यंत निरोप नाही आला तर शोधायला या. गुहा कितीही पुढे जात असली तरी ठरल्या वेळी मागे फिरा.

निघताना नकाशाची एक प्रत आम्ही नायबानना दिली. त्यांनी बोट ठेवून आतली मासे धरायची जागा दाखवली. तिचं नाव आम्ही तिथेच नकाशात लिहून घेतलं.